वागळे इस्टेटहून गावाकडे येणारी मोटारसायकल



येत्या बाजाराच्या दिवशी एक करून पाहा. भाजीची पिशवी भरण्याआधी वेशीजवळ लावलेल्या मोटारसायकलींच्या रांगेसमोर पाच मिनिटे उभे राहा. आधी टाक्यांवरची नावे वाचा. दहांतल्या सात-आठ टाक्यांवर एकच नाव दिसेल. पलीकडच्या खोऱ्यातल्या गावात गेलात तर तिथेही तसेच, फक्त नाव दुसरे. मग नंबराच्या पाट्या वाचा. आमच्या मुरबाड तालुक्यात कल्याणच्या एमएच-०५ च्या जोडीने ठाण्याची एमएच-०४ ही पाटी पावलोपावली भेटते. यांतल्या बऱ्याच गाड्या नव्या असताना मुरबाडला कधी आलेल्या नाहीत. आधी पाच-सात वर्षे त्या कुणाला तरी घेऊन ठाण्याच्या कारखान्यांत गेल्या-आल्या, आणि मग उतरत्या किमतीत माळशेजच्या रस्त्याला लागल्या.

ही वाट जिथून सुरू होते तो मुलूख म्हणजे वागळे इस्टेट. तुमच्यापैकी पुष्कळांचा भाऊ, मेहुणा, चुलता तिथे नोकरीला असेल, पण त्याच्या खोलीपलीकडचे इस्टेट तुम्ही पाहिले नसेल. मुरबाडहून एसटीने कल्याण, कल्याणहून लोकलने ठाणे आणि स्टेशनाबाहेरून बस किंवा रिक्षा, की आलेच. आपण ज्याला एमआयडीसी म्हणतो ते औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले, आणि वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी एक. आपल्याकडे शेताच्या तुकड्यांनासुद्धा नावे असतात, वडाचे, ओढ्याकडचे, मधली पट्टी. इथे मात्र रस्त्यांना गट नंबरासारखे नुसते आकडे आहेत. कुणाला पत्ता विचारा, तो म्हणणार, ‘सोळा नंबर रोडला जा’ किंवा ‘बावीस नंबर सर्कलला उतरा’. एका अंगाला मुलुंडचा चेकनाका. मुंबईची जकात जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाली, पण नाक्याचे नाव काही गेले नाही. जवळच किसननगर म्हणून भरगच्च वस्ती आहे. नाव किसननगर, आणि नांगर धरायला वीतभर जागा नाही!

जुन्या काळी इथे यंत्रांचे सुटे भाग, विजेची उपकरणे, औषधे असे नाना तऱ्हेचे कारखाने होते. आता काही चालू आहेत, काहींच्या जागी काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि आत पोरे-पोरी संगणकापुढे बसलेली असतात. ठाण्याची पासपोर्ट कचेरीही याच इस्टेटीत आहे. एक गोष्ट मात्र बदललेली नाही. सकाळी पाळी सुरू व्हायच्या वेळी रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारसायकली अशा दाटीने लागतात की खाचरात लावलेली भाताची रोपे आठवावीत. घोडबंदर, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, चहूकडून त्या आलेल्या असतात. कामगाराची बढती झाली, लग्न झाले, मूल झाले, कंपनीने गाशा गुंडाळला, की यांतली एक विकायला निघते. गिऱ्हाईक बहुतेक वेळा गावाकडचे असते, म्हणजे आपण.

आता नावाच्या प्रेमाविषयी थोडे बोलू. कारण गाडी पाहायला जाण्याआधीच आपला अर्धा निर्णय झालेला असतो, आणि तो टाकीवरच्या नावाने केलेला असतो.

माझ्या लहानपणी फटफटी म्हणजे राजदूत, बुलेट नाहीतर येझदी. बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली; ती पाटलाच्या नाहीतर फौजदाराच्या दारात. जावा साठीच्या दशकात म्हैसूरला निघू लागली आणि १९७३ पासून तीच येझदी झाली. राजदूत फरिदाबादच्या एस्कॉर्ट्‌सची. तिच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवल्या की गडी मागे न बघता घाट चढायचा. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घालावे लागे, धूर निघे, लाथ मारून पाय दुखे, पण तिचे कौतुक काय सांगावे! त्याच काळात आकुर्डीची बजाज चेतक स्कूटर १९७२ ला आली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. नंबर लागला की पेढे वाटत. पुढे ग्रामसेवक आणि दूधवाले यांची एम-८० आली. १९८५ साली जपानी कंपन्यांच्या हातमिळवणीतून दोन गाड्या आल्या. हिरो होंडाची सीडी-१०० कमी पेट्रोलात चालणारी, आणि यामाहाची आरएक्स-१०० तरण्या पोरांची. सीडी-१०० ला चार स्ट्रोकचे इंजिन होते. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायची कटकट गेली आणि एका लिटरात गाडी इतकी लांब जाऊ लागली की शेतकऱ्याने हिशेब करून पाहिला आणि राजदूतला रामराम ठोकला. १९९४ ला स्प्लेंडर आली, आणि मग खेड्यापाड्यांत त्याच घराण्याचे राज्य झाले.

गंमत अशी की हिरो आणि होंडा २०१० च्या डिसेंबरात वेगळे व्हायचे ठरवून बसले. २०११ पासून एकीचे नाव हिरो मोटोकॉर्प, आणि होंडा स्वतःच्या नावाने वेगळी. तरी आमच्याकडे आजही नवी गाडी आणलेला माणूस ‘हिरो होंडा घेतली’ असेच सांगतो. तिकडे बजाजचे प्रेम निराळ्या जातीचे. आकुर्डी, मग १९८५ ला वाळूज, मग चाकण. या कारखान्यांत आपल्याच शेतकऱ्यांची मुले लागली. ज्या घरातला मुलगा वाळूजला गाड्या जोडतो, त्या घरात दुसऱ्या कंपनीची गाडी आली तर ती पाहुण्यांच्या डोळ्यांत खुपायचीच.

हे नावाचे प्रेम वेडगळ आहे असे मी म्हणणार नाही. भाताच्या वाणाबद्दल तुम्ही असेच वागता आणि मी तीस वर्षे ते पाहत आलो आहे. कर्जत-३ ज्या गावाला लागू पडला, त्या गावात नव्या वाणाची पिशवी फुकट दिली तरी ती आधी बांधाकडेच्या तुकड्यात टाकली जाते. शेजाऱ्याच्या शेतात डोळ्यांनी पाहिलेले पीक हे माझ्या भाषणापेक्षा खरे असते, आणि त्यात गैर काही नाही. पण वाणावर विश्वास ठेवताना माती, पाणी आणि बियाणे कुठले हे आपण पाहतोच ना? मोटारसायकलीच्या बाबतीत हे पाहणे राहून जाते.

मला विचाराल तर गावाचे प्रेम कंपनीवर नसतेच, ते गावच्या मिस्त्रीवर असते. मिस्त्री ज्या गाडीवर हात बसवून आला, तिचे रिंग-पिस्टन, क्लच प्लेटी, केबली त्याच्या डब्यात असतात. रात्री अकरा वाजता बाळंतिणीला दवाखान्यात नेताना गाडी बंद पडली तर तीच गाडी तो बॅटरीच्या उजेडात सुरू करून देतो. म्हणून सगळे तीच घेतात, सगळ्यांकडे तीच असते म्हणून तालुक्याच्या दुकानदाराकडे तिचेच सुटे भाग असतात, आणि भाग मिळतात म्हणून पुन्हा सगळे तीच घेतात. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला तेव्हा तिच्या भक्तांची भक्ती तसूभर कमी झाली नाही, पण साधा एक भाग शोधायला शहरातली जुनी दुकाने धुंडाळायची पाळी आली. ही नावे २०१८ नंतर पुन्हा बाजारात आली आहेत, मात्र ती आत-बाहेर नवी यंत्रे आहेत. आरएक्स-१०० चेही तसेच. तिचे दर हौसेने चढलेले आहेत. शेतावर खताची गोणी न्यायला हौसेची गाडी नको.

या मिस्त्रीच्या गणितात १ एप्रिल २०२० पासून मोठा फरक पडला आहे. त्या तारखेपासून भारत स्टेज-६ या प्रदूषणाच्या नियमाच्याच नव्या गाड्या विकता येतात. बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर त्यामुळे गेला आणि पेट्रोल फवारणारी, संगणकाच्या हुकमाने चालणारी यंत्रणा आली. आपल्या फवारणी पंपाचे नोझल समजा, पण ते किती वेळ उघडायचे हे एक छोटी पेटी ठरवते. यंत्रणा चांगली आहे, थंडीत गाडी पटकन सुरू होते, धूर कमी. पण तिचे दुखणे कानाने ऐकून कळत नाही. ते वाचायचे उपकरण मिस्त्रीकडे हवे. म्हणून ठाण्याला जाण्याआधी स्वतःच्या मिस्त्रीकडे जा आणि सरळ विचारा, ‘मिस्त्री, इंजेक्शनची गाडी तुम्ही हाताळता का? उपकरण आहे का?’ ‘नाही’ म्हणाला तर दोनच वाटा उरतात. एक तर २०२० च्या आधीची कार्बोरेटरची गाडी घ्यायची, किंवा दुरुस्तीसाठी दर वेळी तालुक्याला जायची तयारी ठेवायची. टाकीवरच्या नावापेक्षा या उत्तराला मी जास्त किंमत देईन.

जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक नवे दुखणे ध्यानात घ्या. आपल्या उसापासून, मक्यापासून निघालेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. शेतकऱ्याला ते बरेच आहे. पण जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते, ते कडक होतात, फुगतात, झिरपतात. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. गाडी पावसाळाभर गोठ्यात उभी राहिली तर टाकीच्या तळाला पाणी आणि गंज. विकत घेताना टाकीचे झाकण उघडून आत बॅटरी मारून पाहा.

आता प्रत्यक्ष गाडी पाहू. म्हशाच्या जत्रेत बैल पाहताना तुम्ही काय करता? व्यापारी म्हणतो ‘चार दाती आहे’, तुम्ही मान डोलावता आणि स्वतः जबडा उघडून दात मोजता. चालवून पाहता, खुर पाहता, खांद्याला जुनी सूज आहे का ते चाचपता. अमुक जातीचा आहे एवढ्यावर कुणी बैल घेत नाही. वागळे इस्टेटमध्ये गाडीवाला म्हणेल, ‘काका, एकदम टकाटक गाडी आहे, एकाच हाताची.’ तुम्ही म्हणा, ‘असेल भाऊ, पण जरा बघू दे.’

गाडीचे दात म्हणजे काय? किलोमीटरचा आकडा नव्हे. तो मागे फिरवता येतो. पायाखालची रबरे, गिअरचा दांडा, ब्रेकचे पायटे, हँडलच्या मुठी पाहा. आकडा वीस हजारांचा आणि पायटा गुळगुळीत झालेला, असे असेल तर आकडा खोटा. टायरच्या कडेवर चार आकडे ठसलेले असतात. २३१९ असतील तर ते टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनले. २०१९ च्या गाडीला तेच मूळ टायर असून थोडेच झिजले असेल तर गाडी खरेच कमी चालली आहे. २०१९ च्या गाडीला आणखी नंतरचे टायर असेल आणि मालक ‘दहाच हजार चालली’ म्हणत असेल, तर पहिले टायर कुठे गेले ते विचारा.

शहरातली गाडी आणि गावाकडची गाडी यांची झीज वेगळी असते, हे बरेच जण विसरतात. आपल्याकडे मागचे शॉक बसतात, चाकाच्या तारा ढिल्या होतात, रिम वाकते, कारण आपण तिच्यावर कडब्याच्या पेंढ्यांपासून शेळीपर्यंत सगळे लादतो. ठाण्याची गाडी घोडबंदरच्या गर्दीत तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत असते. आकडा पुढे सरकत नाही, पण इंजिन चालूच असते आणि क्लच जळत असतो. म्हणून चढावर क्लच सोडून पाहा. इंजिन ओरडते आणि गाडी त्या मानाने पुढे सरत नाही, तर प्लेटी गेल्या. त्या फार महाग नसतात, तेवढे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.

धूर मात्र फार बारकाईने पाहा. गाडी थंड असताना जा. आधीच तापवून ठेवलेली असेल तर ‘चहा पिऊन येतो’ म्हणा आणि तासाभराने परत या. निळसर धूर आला तर ऑईल जळते आहे, म्हणजे रिंगा किंवा बोअर गेले आणि इंजिन उघडावे लागणार. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते, हे बहुधा थोडक्यात निभावते. सकाळच्या थंडीत क्षणभर दिसणारी पांढरी वाफ सोडून द्या.

आणि पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला शिका. २६ जुलै २००५ च्या पावसात ठाणे-कल्याण पट्ट्यात पाणी शिरले होते, २०१९ लाही उल्हास नदीकाठी पूर आला. अशी गाडी धुऊन-पुसून चकचकीत करून विकली जाते. सीट उचलून खालच्या वायरींच्या सांध्यांवर हिरवट थर, दिव्याच्या काचेआड चिखलाची रेघ, नटांच्या खाचांत गाळ दिसला तर पाठ फिरवा. मग ती तुमच्या लाडक्या कंपनीची का असेना.

यंत्राचे एवढे पुरे. खरा धोका कागदात आहे, आणि तो विकणाऱ्याइतकाच घेणाऱ्यालाही आहे.

गावाकडे प्रथा अशी आहे की पैसे दिले, आरसी आणि सह्या केलेले कोरे फॉर्म घेतले की गाडी आपली. नावावर करण्याचे ‘बघू दिवाळीनंतर’. कायदा असे मानत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला. एका माणसाने २००७ साली गाडी विकली होती. ती या हातातून त्या हातात अशी फिरत गेली, पण आरसीवर नाव पहिल्याचेच राहिले. २००९ साली अपघात होऊन एक मूल दगावले. विमा नव्हता. न्यायालय म्हणाले, नोंद ज्याच्या नावावर तोच मालक, भरपाई त्याच्यावर. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीपायी! विचार करा, अशी भरपाई आली तर एका दोन एकरवाल्याच्या घराचे काय होईल.

म्हणून विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओकडे कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आहेत. कर्ज असेल तर ते फिटल्याचे बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नका. हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेल्या गाड्या स्वस्तात मिळतात, तिथे तर हे आधी पाहा. आपला तालुका वेगळ्या आरटीओत येत असेल तर ना हरकत दाखला लागतो का, हे तिथेच विचारून घ्या. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, एमएच-०४ ची पाटी तशीच राहते. विमाही चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यायला अर्ज द्या. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चॅसी नंबर गाडीवरच्या आकड्यांशी एकेक अक्षर ताडून पाहा. आकड्यांवर कागद ठेवून वरून शिसपेन्सिल घासली की ठसा येतो आणि खाडाखोड असेल तर लगेच दिसते. परिवहन खात्याच्या मोबाईलवरच्या सेवेत नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, कर्ज यांची माहिती मिळते. घरातल्या शिकलेल्या मुलीला हे दोन मिनिटांचे काम आहे. थकलेले दंडही त्याच वेळी पाहून घ्या. नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यातली वर्षे संपत आली असतील तर तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर हा खर्च तुमच्याच माथी येणार, तो किमतीत धरा.

एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचे अधिकारपत्र लागते. रस्त्याकडेला पाच गाड्या उभ्या करून बसलेल्याला ते दाखवायला सांगा. ‘ते कशाला काका, विश्वास नाही का?’ असे उत्तर आले तर गाडी कितीही मनात भरलेली असो, पुढच्या बसने स्टेशनावर या.

ओळखीच्या कामगाराकडून घेता आली तर उत्तम. त्याला गाडीची जन्मकथा ठाऊक असते आणि त्याची खोली तुमच्या मेहुण्याच्या चाळीत असते. पण नात्यातल्या माणसाकडूनही कागद पुरे करून घ्या. भाऊबंदकी जमिनीवरूनच होते असे नाही.

पैसे देताना थोडी रक्कम हातात राखा आणि आरसी तुमच्या नावाची होऊन आल्यावर द्या, हे आधीच साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. गाडी घेऊन दिवसाउजेडी निघा, हेल्मेट घालून. कल्याणला थांबून एकदा इंजिनखाली ऑईलचा थेंब पडतो का ते पाहा. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑईल बदला, कारण आधीच्याने ते कधी बदलले हे तो सांगतो तेवढेच आपल्याला माहीत असते. आणि गोठ्यामागे तुमची स्वतःची जुनी राजदूत किंवा एम-८० पडून असेल, किंवा ती कुणा भंगारवाल्याला नुसती उचलून दिली असेल, तर ती आजही कुणाच्या नावावर आहे ते याच खेपेला आरटीओत पाहून या.